खाड्याचा रकाना

अनुदानाच्या अर्जात आम्ही ‘आंतरविद्याशाखीय’ हा शब्द जागोजाग पेरला होता. अर्थशास्त्राचा मी, स्त्रीरोगतज्ज्ञ असलेल्या एक डॉक्टर आणि समाजशास्त्राच्या एक प्राध्यापक. विषय होता बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांचा. पैसे मंजूर झाले आणि भावकीत जमीन वाटावी तसा आम्ही विषय वाटून घेतला. मजुरी माझी, गर्भाशय डॉक्टरबाईंचं, जात आणि लग्नाचं वय प्राध्यापकबाईंचं. मधे बांध. ही वाटणी सुचवणारा मीच होतो.

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम हंगामाआधी जोडीला उचल देतो, नाव बहुधा नवऱ्याचं लागतं, आणि दसरा-दिवाळीनंतर फडावर गेलं की टनावारी तोडणीतून ती फिटत राहते. एका दिवसाचं काम बुडलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. मी जोडी हेच मोजमाप धरलं, कारण तक्ता सोपा होत होता. खाडे किती, एवढंच विचारलं. दोघांपैकी कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत, कोण राहिलं आणि का, याला माझ्या फॉर्मात रकानाच नव्हता. आजारपण ना, मग ते डॉक्टरबाईंच्या फॉर्मात येईल! शिवाय मुलाखती घेतल्या त्या निघण्याच्या आधल्या गडबडीत, पुरुषांच्या, आणि कधीकधी मुकादम शेजारीच बसलेला असताना.

बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळापर्यंत गेलेला होता. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. देशभरात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. हे सगळं मी वाचलेलं होतं. तरीही तो मला आरोग्याचा प्रश्न वाटला, मजुरीचा नाही.

माझ्या आकडेवारीत चाळिशीकडे झुकलेल्या जोड्यांचे खाडे तरुण जोड्यांपेक्षा कमी निघाले. मी लिहून टाकलं: अनुभवाने कौशल्य वाढतं, त्यामुळे गैरहजेरी घटते. पुढच्या उन्हाळ्यात माणसं परतल्यावर एका गावात आम्ही निष्कर्ष वाचून दाखवले. या वाक्यावर बायका हसल्या. एकजण म्हणाली, “अनुभव कसला दादा, पिशवी काढल्यावर पाळीचा खाडा कुठून पडणार?”

घाईघाईने दोन्ही फॉर्म जोडायला बसलो, तर जुळेनात. माझे कुटुंब क्रमांक मुकादमांच्या याद्यांवरून, डॉक्टरबाईंचे उपकेंद्राच्या नोंदींवरून. गुप्ततेसाठी नावं दोघांनीही काढून टाकलेली. एकाच घरातली दोन माणसं आमच्या कागदावर एकमेकांना ओळखत नव्हती. माझा निबंध तोवर छपाईला गेला होता. ते वाक्य मी मागे घेतलं, पण बाकीचा निबंध त्याच तक्त्यांवर उभा आहे.

डॉक्टरबाईंना त्या बाईचं उत्तरही पुरेसं वाटत नाही. त्यांच्या मते अंगावरून पांढरं जाण्यावर धड उपचार होत नाहीत, खाजगी दवाखान्यात कॅन्सरची भीती घातली जाते आणि बाई टेबलावर जाते. त्यात बीजकोषही काढले गेले असतील, तर पुढे कंबरदुखी आणि थकव्याने खाडे पुन्हा वाढायचे. मी खाड्याकडे बोट दाखवतो, त्या दवाखान्याकडे. प्राध्यापकबाई विचारतात, लग्न कितव्या वर्षी झालं होतं? आता निदान एकाच टेबलाशी बसून भांडतो.

नवा फॉर्म आम्ही तिघांनी मिळून केला आणि तो आधी बायकांना वाचून दाखवला. उचलीच्या प्रश्नापाशी एकीने थांबवलं. रक्कम विचारता, तारीख विचारता, पैसे कशाला लागले ते विचारत नाही का? तिने मुकादमाकडून जादा उचल घेतली होती ती ऑपरेशनसाठी. पुढचा हंगाम ती फेडण्यात गेला. माझ्या जुन्या तक्त्यात असल्या सगळ्या रकमा ‘घरखर्च’ या सदरात पडून आहेत.