पिअरी सामुद्रधुनी : जी नकाशावर होती, पण पृथ्वीवर नव्हती

१/ मार्च १९०८. स्थळ ईशान्य ग्रीनलँडमधील लॅम्बर्ट लँड. ध्रुवीय रात्र नुकतीच सरली होती. योहान पीटर कॉख आणि टोबियास गॅब्रिएलसन हे दोघे कुत्र्यांच्या स्लेजवरून हरवलेल्या तीन सोबत्यांच्या शोधात उत्तरेकडे आले होते. मोहिमेने पूर्वी करून ठेवलेल्या शिधासाठ्याजवळ त्यांना एकाचाच देह आढळला. त्याच्यापाशी दोन गोष्टी होत्या: त्याची रोजनिशी आणि त्याच्या मृत सोबत्याने काढलेले नकाशांचे आराखडे.

२/ पाय गोठलेले, चंद्रप्रकाश मावळत चाललेला, सोबतीला कोणी नाही, अशा अवस्थेत या माणसाने ते कागद इथवर आणले होते. त्यांत असे काय होते? एका वाक्यात सांगायचे, तर जगाच्या नकाशावरचा एक समुद्र पुसून टाकण्याचा पुरावा. ग्रीनलँडच्या भूमीचे, खडकांचे आणि बर्फाखाली दडलेल्या प्रदेशाचे मापन कसे झाले, याची ही कथा. #थ्रेड #इतिहास

३/ कथेचा आरंभ १८९२ मधला. अमेरिकेचा रॉबर्ट पिअरी आणि नॉर्वेचा आयव्हिन्ड आस्ट्रुप हे उत्तर ग्रीनलँडचा हिमस्तर ओलांडून ४ जुलै रोजी एका उंच कड्यावर पोहोचले. पिअरीने कड्याला ‘नेव्ही क्लिफ’ हे नाव दिले आणि समोरच्या जलभागाला, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन म्हणून, ‘इंडिपेंडन्स बे’. उत्तरेकडे दिसणारी भूमी ग्रीनलँडपासून वेगळी असून मध्ये सामुद्रधुनी आहे, असा निष्कर्ष त्याने काढला. नकाशावर ‘पिअरी चॅनेल’ अवतरले.

४/ त्याच नकाशात दुसरा एक अंदाज होता, आणि तो अधिक घातक ठरला. पूर्व किनाऱ्यावर दक्षिणेकडून आलेली जर्मन मोहीम १८७० मध्ये सुमारे ७७ अंश अक्षांशापर्यंत पोहोचली होती. तिथून पिअरीच्या कड्यापर्यंतचा सुमारे सहाशे किलोमीटरचा पट्टा कोणीही पाहिलेला नव्हता. नकाशात किनारा त्या दोन टोकांमध्ये जवळजवळ सरळ जोडला गेला. प्रत्यक्षात भूमी तिथे पूर्वेकडे फार मोठा फुगवटा घेते. त्या फुगवट्याच्या टोकाला आज ‘नॉर्डओस्टरुंडिंगेन’, म्हणजे ईशान्येचे गोल टोक, म्हणतात.

५/ हा अज्ञात पट्टा भरून काढण्यासाठी १९०६ मध्ये ‘डॅनमार्क’ जहाजातून एक डॅनिश मोहीम निघाली. नेता लुडविग मिलियस-एरिक्सन हा पत्रकार आणि लेखक. मोहिमेत २८ जण होते: लष्करी अधिकारी, वैज्ञानिक, दोन चित्रकार, खलाशी आणि तीन ग्रीनलँडवासी. हवामानशास्त्राची जबाबदारी एका २५ वर्षांच्या जर्मन तरुणाकडे होती. त्याचे नाव आल्फ्रेड वेगेनर. त्याच्याकडे पुढे यायचेच आहे.

६/ मार्च १९०७ च्या अखेरीस स्लेज-तुकड्या उत्तरेकडे निघाल्या. किनारा संपता संपेना. नकाशानुसार जिथे पश्चिमेकडे वळायला हवे होते, तिथे तो पूर्वेकडेच सरकत राहिला. स्लेजवर शिधा मोजून घेतलेला असतो. दर दिवसाचे अंतर, माणसांचे अन्न आणि कुत्र्यांचे अन्न यांचे गणित निघण्यापूर्वीच मांडलेले असते. त्या गणितातील पहिला आकडाच चुकीचा होता.

७/ ईशान्य टोकापाशी दोन तुकड्या वेगळ्या झाल्या. कॉख, चित्रकार आगे बेर्टेलसन आणि टोबियास गॅब्रिएलसन उत्तरेला गेले. मिलियस-एरिक्सन, नकाशाकार निल्स पीटर होग हागेन आणि यॉर्गन ब्रॉनलुंड पश्चिमेला वळले. समोर एक प्रशस्त फ्योर्ड उघडला. हाच पिअरीचा इंडिपेंडन्स, असे समजून ते आत शिरले. सुमारे दोनशे किलोमीटर आत गेल्यावर तो बंद झाला. तो निराळाच फ्योर्ड होता. आज त्याचे नाव ‘डॅनमार्क फ्योर्ड’.

८/ मे महिन्याच्या शेवटी, त्या निर्मनुष्य प्रदेशात, दोन्ही तुकड्यांची अकस्मात गाठ पडली. कॉख काम पुरे करून परतत होता. मिलियस-एरिक्सनच्या तुकडीनेही तेव्हाच परतायला हवे होते. शिधा सरत आला होता, ऋतू पुढे गेला होता. पण पिअरीच्या सामुद्रधुनीचा प्रश्न अनुत्तरित होता आणि उत्तर आता काही दिवसांच्या अंतरावर आहे असे वाटत होते. त्यांनी पश्चिमेची वाट धरली. कॉखची तुकडी जूनमध्ये सुखरूप तळावर पोहोचली.

९/ उत्तर त्यांना मिळाले. इंडिपेंडन्स हा फ्योर्ड असून तो आत जाऊन बंद होतो, पलीकडे भूमी सलग आहे आणि सामुद्रधुनी नाही, हे त्यांनी पाहिले. हागेनने ते कागदावर उतरवले. तोवर उन्हाळ्याने बर्फ वितळवला होता. भुसभुशीत ओल्या बर्फातून आणि पाण्याने भरलेल्या समुद्र-हिमावरून स्लेज चालेना. शिकारीच्या आधारावर त्यांना डॅनमार्क फ्योर्डमध्ये उन्हाळा काढावा लागला. शिकार तुटपुंजी होती. कुत्री कमी होत गेली. खडकाळ जमिनीवर पादत्राणे झिजून संपली.

१०/ शरद ऋतूत त्यांनी किनारा सोडून हिमस्तरावरून दक्षिणेचा मार्ग धरला. ७९ अंश अक्षांशाजवळच्या फ्योर्डमध्ये उतरताना अंधार पूर्ण झाला होता. १५ नोव्हेंबर रोजी हागेन गेला. सुमारे दहा दिवसांनी मिलियस-एरिक्सन. ब्रॉनलुंड एकटा लॅम्बर्ट लँडच्या साठ्यापर्यंत चालत आला. तिथे अन्न होते. पण गोठलेल्या पायांनी पुढचे अंतर कापणे शक्य नव्हते.

११/ यॉर्गन ब्रॉनलुंड हा पश्चिम ग्रीनलँडचा. शिक्षणाने धर्मशिक्षक, कामाने कुशल स्लेजचालक, क्नूड रासमुसेनचा बालमित्र. त्याची रोजनिशी ग्रीनलँडच्या भाषेत आहे, पण शेवटची नोंद त्याने डॅनिशमध्ये लिहिली. शोध घेणाऱ्यांना ती वाचता यावी, एवढाच त्याचा हेतू असू शकतो. सोबत्यांचे देह कुठे आहेत, कोण केव्हा गेला, हे त्याने थोडक्यात नोंदवले. शोकाचा शब्द नाही, तक्रारीचाही नाही. इतर दोघांचे देह कधीच सापडले नाहीत.

१२/ मोहिमेच्या नोंदींचा शोध घ्यायला आयनर मिक्केल्सन १९०९ मध्ये निघाला. पुढच्या वर्षी डॅनमार्क फ्योर्डच्या काठी, दगडांच्या राशीत ठेवलेले मिलियस-एरिक्सनचे निवेदन त्याला मिळाले: पिअरी चॅनेल अस्तित्वात नाही. मिक्केल्सन आणि त्याचा सोबती इव्हर इव्हरसन परतले तेव्हा त्यांचे जहाज ‘अलाबामा’ नष्ट झाले होते आणि बाकीचे सहकारी मायदेशी गेले होते. १९१२ च्या उन्हाळ्यात नॉर्वेच्या एका जहाजाने दोघांना वाचवले.

१३/ त्याच वर्षी क्नूड रासमुसेन आणि पीटर फ्रॉइखेन, थूले परिसरातील दोन इनुइट शिकाऱ्यांसह, हिमस्तर ओलांडून पश्चिमेकडून तिथे पोहोचले. जिथे समुद्र असायला हवा होता तिथे त्यांना बर्फमुक्त भूमी आणि मस्क ऑक्सचे कळप दिसले. पिअरीने खोटे सांगितले होते का? तसे म्हणण्याचे कारण नाही. त्या भागात सरोवरांनी भरलेली एक दीर्घ दरी खरोखर आहे. उंचावरून पाहताना दिसणारा खोलगट भाग त्याने समुद्र मानला. निरीक्षण अपुरे होते आणि विधान मात्र पूर्ण होते.

१४/ आता वेगेनर. ग्रीनलँडच्या स्थानाची जुनी मापने १८२३ आणि १८७० मधली होती. कॉखने १९०७ च्या मोहिमेत घेतलेल्या रेखांशांशी त्यांची तुलना केली, तेव्हा हे बेट पश्चिमेकडे सरकल्यासारखे दिसले. वेगेनरने १९१२ मध्ये खंडवहनाचा सिद्धांत मांडला आणि पुढे हा पुरावा आपल्या बाजूने वापरला. त्यातून निघणारा वेग वर्षाला कित्येक मीटर होता. खरा वेग काही सेंटिमीटरच. चंद्राच्या निरीक्षणांवरून रेखांश काढण्याच्या जुन्या पद्धतीतील चूक तिथे ‘गती’ म्हणून दिसली होती. सिद्धांताचा गाभा खरा ठरला, हा पुरावा मात्र खोटा ठरला.

१५/ किनारे निश्चित झाले, तसे खडकांकडे लक्ष वळले. लाउगे कॉख या भूवैज्ञानिकाने १९१६-१८ आणि १९२०-२३ या काळात उत्तर ग्रीनलँडचा किनारा आणि त्याची भूरचना मांडली. पहिल्या प्रवासाने दोन बळी घेतले: वनस्पतिशास्त्रज्ञ थोरिल्ड वुल्फ आणि ‘डॅनमार्क’ मोहिमेतला अनुभवी ग्रीनलँडवासी हेन्ड्रिक ओल्सेन. पूर्व ग्रीनलँडच्या वळ्या पडलेल्या पर्वतरांगा नॉर्वे आणि स्कॉटलंडच्या पर्वतांच्या सगोत्र आहेत. अटलांटिक उघडण्यापूर्वी ही सगळी भूमी एकत्र होती, आणि तिथले खडक आजही ते सांगतात.

१६/ या नकाशांना राजकीय मोलही होते. १९३१ मध्ये नॉर्वेने पूर्व ग्रीनलँडच्या एका भागावर हक्क सांगितला. त्याच वर्षी लाउगे कॉखच्या नेतृत्वाखाली मोठी डॅनिश मोहीम तिथे उतरली आणि १९३४ पर्यंत राबली. १९३३ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने डेन्मार्कच्या बाजूने निकाल दिला. त्याच कालखंडातील मोहिमांनी जमवलेल्या जीवाश्मांतून ‘इक्थिओस्टेगा’ या सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वीच्या चतुष्पाद प्राण्याचे वर्णन १९३२ मध्ये प्रसिद्ध झाले. राज्यांचा वाद मिटला, आणि जमिनीवर येऊ पाहणाऱ्या आद्य जीवांचा एक पुरावा जगाला मिळाला.

१७/ पण ग्रीनलँडचा सुमारे ८० टक्के भाग हिमस्तराखाली आहे. तिथला खडक पाहायचा कसा? १९३० मध्ये वेगेनर याच प्रश्नासह परतला. पद्धत सोपी होती: बर्फावर स्फोट घडवायचा, त्याच्या लहरी तळच्या खडकावर आदळून परत येईपर्यंतचा वेळ मोजायचा आणि त्यावरून जाडी काढायची. बेटाच्या मध्यावर ‘आइसमिट्टे’ हे ठाणे उभारले गेले. १ नोव्हेंबर १९३० रोजी, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, वेगेनर तेथून परत निघाला. सोबत रासमुस विल्लुमसेन हा तरुण ग्रीनलँडवासी होता.

१८/ दोघेही किनाऱ्यावर पोहोचले नाहीत. पुढच्या मे महिन्यात वेगेनरचा देह सापडला. विल्लुमसेनने तो नीट गुंडाळून पुरला होता आणि जागेची खूण म्हणून स्की उभ्या रोवल्या होत्या. वेगेनरचे कागद घेऊन तो पुढे गेला असावा. तो मात्र कधीच सापडला नाही. ब्रॉनलुंडचे नाव एका फ्योर्डला मिळाले. विल्लुमसेनचे नाव आजही बहुतेक वेळा दुसऱ्याच्या चरित्रातील एका ओळीत येते. मापने मात्र पुरी झाली: मध्यभागी बर्फ अडीच किलोमीटरहून जाड, आणि त्याखालचा खडक वाडग्यासारखा खोलगट.

१९/ पुढे विमानांची रेडिओ-उंचीमापके बर्फावर चुकीची उंची दाखवतात, असे लक्षात आले. रेडिओलहरी बर्फ भेदून आत जात होत्या. त्या दोषातूनच बर्फभेदी रडार विकसित झाले. त्याच्या नोंदींतून २०१३ मध्ये हिमस्तराखालची सुमारे ७५० किलोमीटर लांबीची घळ उमगली. २०१८ मध्ये हायावाथा हिमनदीखाली ३१ किलोमीटर रुंदीचे आघातविवर जाहीर झाले. ते भूशास्त्रीय दृष्ट्या अगदी अलीकडचे असेल, अशी शंका तेव्हा होती. २०२२ मध्ये वय निघाले ५ कोटी ८० लाख वर्षे. अंदाज पुन्हा चुकला, पण या वेळी कोणाचा जीव गेला नाही. कारण तो अंदाज म्हणूनच मांडलेला होता.

२०/ हागेन आणि मिलियस-एरिक्सन ज्या फ्योर्डमध्ये गेले, त्याला आज अक्षांशावरूनच ‘एकोणऐंशीचा फ्योर्ड’ म्हणतात. तिथली हिमनदी समुद्रावर तरंगते आणि शास्त्रज्ञ तिच्यावर सतत लक्ष ठेवून असतात. हिमस्तराच्या अंतर्भागातून येणाऱ्या एका मोठ्या हिमप्रवाहाचे ते एक मुख आहे. ग्रीनलँडचा सगळा बर्फ वितळला, तर जगभरच्या समुद्राची पातळी सात मीटरहून अधिक वाढेल. त्यातला किती आणि केव्हा, हे ठरवण्यासाठी बर्फाखालच्या खडकाचा चढउतार अचूक माहीत असावा लागतो. कोऱ्या जागेत सरळ रेष ओढून तिथे भागणार नाही.

२१/ नकाशा पाहताना आपण रेषांवर विश्वास ठेवतो. त्यांपैकी कोणती पाहून काढली आणि कोणती कल्पून, हे रेष स्वतः सांगत नाही. ते काढणाऱ्याने सांगावे लागते. एका माणसाने कड्यावरून जे पाहिले नाही ते लिहिले. तिघांनी जवळ जाऊन पाहिले, जे होते तेच लिहिले, आणि त्यांतल्या शेवटच्याने ते कागद जिथे सापडतील अशा जागी पोहोचवले. पिअरी चॅनेल आज कोणत्याही नकाशावर नाही. त्याच परिसरात यॉर्गन ब्रॉनलुंड फ्योर्ड मात्र आहे.