व्हिजिटिंग कार्ड पायथ्याशी!

'काय करतोस तू?' या प्रश्नाचं उत्तर शहरात कंपनीच्या नावानेच सुरू होतं. ट्रेकिंगच्या ग्रुपमध्ये मात्र पहिले दोन-तीन ट्रेक हा प्रश्न कुणी विचारतच नाही. तिथले प्रश्न वेगळे. 'किती गड झाले?' आणि 'टॉर्चचे सेल नवे आहेत ना?'

म्हणूनच सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी हरिश्चंद्रगडावर निघालेल्या आमच्या चौदा जणांच्या कंपूत कोण काय करतं, हे मला हळूहळू कळत गेलं. खिरेश्वरहून चढायचं आणि पाचनईला उतरायचं, असा बेत होता. टोलार खिंडीच्या वर ओल्या कातळाचा टप्पा लागतो. रेलिंग आहे, तरी पाय लटपटतात. तोवर एक अक्षरही न बोललेला एक दादा तिथे बाजूला उभा राहिला आणि 'उजवा पाय इथे, हात तिथे' करत सगळ्यांना वर घेतलं. कुणीतरी विचारलंच. गडी महावितरणचा लाइनमन! 'आमच्या खांबाला रेलिंग कुठलं?' म्हणाला.

वर गेल्यावर हरिश्चंद्रेश्वराचं देखणं दगडी मंदिर आणि शेजारी केदारेश्वराची गुहा. गार पाण्यात भलंमोठं शिवलिंग, भोवती चार खांब, त्यातला एकच शाबूत. चार खांब म्हणजे चार युगं, चौथा पडला की जग बुडणार, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. आमच्यातली आरसीसी डिझाइन करणारी ताई छताकडे बघून म्हणाली, 'डोंगरातच कोरलंय हे. भार बाजूच्या कातळावर जातोय. सोमवारी ऑफिसला जावंच लागेल!'

मग कोकणकडा. आतल्या बाजूला वळलेला, खाली थेट कोकणात उतरणारा. याच कड्यावरून कर्नल साइक्सने धुक्यात उमटलेलं गोल इंद्रधनुष्य, म्हणजे इंद्रवज्र पाहिलं आणि त्याची नोंद केली. हा साइक्स ईस्ट इंडिया कंपनीचा फौजी अधिकारी. दख्खनची आकडेवारी जमवणं हे त्याचं काम आणि पक्षी हा नाद. १८३२ मध्ये त्याने इथल्या पक्ष्यांची यादी छापली. आज एका चंडोलाला त्याचं नाव आहे. त्याची आकडेवारी किती जणांना आठवते?

आम्हाला इंद्रवज्र नाही, नुसतं धुकं दिसलं. पण तिथे डबे उघडले आणि गप्पा खऱ्या रंगल्या. सिव्हिल हॉस्पिटलमधल्या सिस्टरने या रविवारसाठी दोन नाइट ड्युट्या अंगावर घेतल्या होत्या. लाइनमनदादाला पावसाळ्यात रजा म्हणजे लॉटरीच, कारण वारा सुटला की तारा पडतात. आणि सलूनवाला मित्र सहज बोलून गेला, 'रविवार म्हणजे आमचा धंद्याचा दिवस. आठवड्याची निम्मी कमाई आज बुडाली.'

आम्ही आयटीवाले गप्प झालो. आम्हाला शनिवार-रविवार आयताच मिळतो. गाडीभाडं चौदा जणांत सारखं वाटलं होतं, एक रुपया इकडेतिकडे नाही. पण त्या कड्यापर्यंत पोचायला कुणी झोप मोजली होती, कुणी रजा, कुणी गल्ला. ट्रेकची खरी कॉन्ट्री सारखी नसतेच. 'तो हल्ली येत नाही, इंटरेस्ट संपला वाटतं' असं आपण किती सहज म्हणतो!

पाचनईला उतरलो तर एका घरात पिठलं-भाकरी तयार. वाढणाऱ्या मावशींना विचारलं, 'रविवारी सुट्टी नाही?' त्या हसल्या. 'तुमची सुट्टी तीच आमची कामाची पाळी.' आमचा छंद हाच त्यांचा डे-जॉब. भाकरीचे पैसे देताना घासाघीस करणाऱ्यांनी हे जरा ध्यानात ठेवावं.

परतीच्या गाडीत ठराव पास झाला. यापुढे दर तीन महिन्यांनी एक ट्रेक सोमवारी. सलून सोमवारी बंद असतं, गडावर गर्दीही कमी. सुट्टी मात्र या वेळी आम्ही टाकायची. माझा कॅज्युअल लीव्हचा अर्ज गेलाय. कारणाच्या रकान्यात लिहिलंय, 'मित्राची सुट्टी आहे.' बॉसने अजून मंजूर केलेला नाही. बघू या!

कसं जाल?
मुंबईहून कल्याण-माळशेज घाटमार्गे आणि पुण्याहून आळेफाट्यावरून खुबी फाटा, तिथून खिरेश्वर. नवख्यांसाठी पाचनईची वाट सोपी. गडाची उंची सुमारे १४२४ मीटर. परिसर अभयारण्यात येतो, त्यामुळे वनखात्याचे नियम आधी विचारून घ्या. कोकणकड्यावर टोकाशी उभं राहू नका, पोटावर झोपून खाली बघा. आणि प्लॅस्टिक परत आणा, प्लीज!