तो उभा आहे म्हणून

क्रिकेट पाहून वाढलेल्या डोळ्यांना बेसबॉलचा आउटफिल्डर निव्वळ रिकामटेकडा वाटतो. डावा, मधला आणि उजवा असे तिघं कुंपणाकडे पाठ करून उभे असतात आणि बराच वेळ तिकडे चेंडूच फिरकत नाही. पिट्सबर्ग पायरेट्सचा रॉबेर्तो क्लेमेंते 1955 ते 1972 या काळात उजव्या बाजूला असाच उभा राहिला. काही घडू न देणं हीच त्याची खरी कामगिरी, असं माझं मत.

धाव काढताना ओलांडायच्या तीन बेसपैकी तिसरा बेस त्या कोपऱ्यापासून सगळ्यात लांब, म्हणून तिथे दणकट हाताचा माणूस लागतो. फटका उजवीकडे गेला की पहिल्या बेसवरच्या रनरला दुसरा ओलांडून तिसरा गाठायचा मोह होतोच. क्लेमेंते समोर असला की बहुतेकांचा मोह दुसऱ्या बेसपर्यंतच टिके. हा शाळेत असताना भाला फेकणारा मुलगा. उंच उडालेला चेंडू तो ग्लव्हची ओंजळ करून पोटाशी झेलायचा, अगदी निवांत. जमिनीवरून आलेल्या चेंडूवर मात्र झडप, एक गिरकी, आणि फेकताना अख्खं शरीर हवेत. त्याच्या फेकीचा हातभार लागून 266 गडी बाद झाले, अशी नोंद आहे. एवढ्या जणांना आधी कुणी सावध केलं नव्हतं का, हा मला पडलेला प्रश्न. जे मुकाट्याने थांबले त्यांची मोजदाद कुठेच नाही.

1971च्या वर्ल्ड सिरीजमधला, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेतला, बाल्टिमोरविरुद्धचा सहावा सामना घ्या. नववी इनिंग, बरोबरी. उजव्या कोपऱ्यात फटका गेला, पहिल्या बेसवरचा बाल्टिमोरचा मार्क बेलँजर सुसाट सुटला. क्लेमेंतेने कोपऱ्यातून थेट होम प्लेटकडे, म्हणजे जिथे पोचलं की धाव मिळते तिकडे, चेंडू फेकला, आणि एक टप्पा खाऊन तो कॅचर मॅनी सँगियेनकडे पोचला. बेलँजर तिसऱ्या बेसवरच अडकला. बाद कुणीच झालं नाही, त्यामुळे नोंदवहीत या फेकीला जागा नाही. शिवाय पुढच्याच इनिंगला पायरेट्स तो सामना हरले! सातवा जिंकला, सिरीजही जिंकली आणि सर्वोत्तम खेळाडू क्लेमेंतेच ठरला. टीव्हीचा माइक समोर येताच त्याने आधी स्पॅनिशमध्ये आईवडिलांचा आशीर्वाद मागितला, मग इंग्रजीत बोलला.

इंग्रजीने त्याला बरंच छळलं होतं. प्वेर्तो रिकोतल्या कॅरोलिनाचा, उसाच्या मळ्यावरच्या मुकादमाचा हा मुलगा. वार्ताहर त्याचे उच्चार जसेच्या तसे, वेडेवाकडे छापून गंमत करत. बेसबॉल कार्डांवर त्याचा परस्पर ‘बॉब’ झाला. 1954 सालच्या मोटार अपघातापासून पाठ दुखायची. बॅटिंगला उभं राहण्याआधी तो मान गोल फिरवून मोकळी करी, तर लोक त्याला नाटकी म्हणत. या नाटक्याने चार वेळा लीगचा बॅटिंगचा किताब मिळवला आणि हिट्स केले बरोबर 3000. त्यातला शेवटचा 30 सप्टेंबर 1972चा.

त्याच वर्षी 23 डिसेंबरला निकाराग्वाची राजधानी मानाग्वा भूकंपात कोसळली. महिनाभर आधीच क्लेमेंते तिथे प्वेर्तो रिकोचा हौशी संघ घेऊन गेला होता. त्याने मदत गोळा करून पाठवली. पण तिथला हुकूमशहा सोमोसा याचे सैनिक ती मधल्या मध्ये लाटतात, अशा बातम्या यायला लागल्या. मग त्याने ठरवलं, आपण स्वतः जायचं. आपण समोर उभे असलो की यांची हिंमत होणार नाही, हा त्याचा हिशोब. उजव्या कोपऱ्यात अठरा हंगाम खरा ठरलेला हिशोब होता तो.

31 डिसेंबरच्या रात्री सान हुआनहून जुनं, पेलेल त्याहून जास्त माल भरलेलं डीसी-7 विमान त्याला घेऊन उडालं आणि लगेचच समुद्रात कोसळलं. विमानातल्या पाचांपैकी कुणीच वाचलं नाही. क्लेमेंतेचा देह मिळाला नाही. संघ स्मृतिसभेला गेला. सँगियेन तिकडे न जाता पाणबुड्यांबरोबर शोधात उतरला.

बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबण्याचा नियम त्याच्यासाठी बाजूला ठेवून 1973 साली त्याला तिथे मान दिला गेला. पाटीवर मात्र आईचं आडनाव अमेरिकन रीतीने मधे घालून ‘रॉबेर्तो वॉकर क्लेमेंते’ असं कोरलं. ‘रॉबेर्तो क्लेमेंते वॉकर’ ही दुरुस्ती व्हायला 2000 साल उजाडलं.