अस्वलांच्या मुलखातली चूल

न्यू जर्सीतल्या पार्सिपनी आणि आसपासच्या मराठी कुटुंबांना अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राष्ट्रीय उद्यानांत तंबूत राहायला नेणं हा माझा व्यवसाय. सहल ठरली की पहिला प्रश्न येतो, "काय काय बघायचं?" ओल्ड फेथफुल, ग्रँड टीटनची शिखरं, झायनचे तांबडे कडे, ही यादी सगळ्यांना पाठच असते. मी मात्र आधी स्वयंपाकाचं बोलायला बसतो. छावणी सुखरूप पार पडणार की नाही, हे चुलीपाशी ठरतं.

यलोस्टोन हे जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, 1872 सालचं. एकेकाळी तिथल्या हॉटेलांचं खरकटं उघड्यावर टाकत आणि ते खायला आलेली अस्वलं बघायला पाहुणे बाकांवर बसत. ते उकिरडे 1970 च्या सुमारास कायमचे बंद झाले. आयत्या अन्नाला चटावलेली अस्वलं माणसांच्या वस्तीत शिरू लागली आणि त्यांतली कितीतरी मारली गेली. 1975 मध्ये ग्रिझली अस्वलांना कायद्याचं संरक्षण मिळालं, तेव्हा यलोस्टोन आणि भोवतालच्या प्रदेशात मिळून ती दीडशेच्याही आत उरली असावीत असा अंदाज होता. पुढे त्यांची संख्या पुष्कळ सावरली. माणसाच्या अन्नाची चटक लागलेलं अस्वल बहुधा स्वतःचा जीव गमावून बसतं, म्हणून बाकावर विसरलेला शंकरपाळ्यांचा डबा ही माझ्या लेखी लहान चूक नाही.

तळावर अन्न ठेवायला जाड पत्र्याच्या पेट्या असतात, नाहीतर बंद गाडी. नुसतं अन्न आत टाकून भागत नाही. खोबरेल तेल, टूथपेस्ट, बाम, उदबत्तीचा पुडा, वास येणारं सगळं आत. फोडणी दिली ते कपडेही बदलून गाडीत ठेवायचे, ते घालून तंबूत झोपायचं नाही. भांडी धुतलेलं पाणी गाळायचं. मोहरी, कढीपत्त्याचं पान, भाताची शितं कचऱ्याच्या बंद डब्यात टाकायची आणि उरलेलं पाणी त्यासाठी नेमलेल्या मोरीतच ओतायचं.

"आजी, उशाशी लाडू ठेवायचा नाही हं."

"अरे, रात्री साखर उतरली तर मी काय करू?"

आजींचं म्हणणं खरंच असतं. अशा वेळी त्यांचा तंबू गाडीला लागून लावायचा, ग्लुकोजच्या गोळ्या गाडीत ठरलेल्या खणात ठेवायच्या आणि किल्ली त्यांच्याच तंबूत झोपणाऱ्या मोठ्या माणसाच्या खिशात द्यायची. ही सोय दिवसाउजेडी करून दाखवली की आजी निर्धास्त झोपतात.

यलोस्टोन तलावाचा काठ समुद्रसपाटीपासून साधारण 2,350 मीटरवर आहे. तिथे पाणी 92-93 अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ तासन्‌तास रटरटली तरी दाण्याला कणी राहते. म्हणून कुकर न्यायचाच आणि घरच्यापेक्षा शिट्ट्या जास्त द्यायच्या. डाळ दुपारीच घट्ट झाकणाच्या डब्यात भिजवून गाडीत ठेवली की गॅस वाचतो. रात्री दहा ते सकाळी सहा तळावर शांतता पाळायची असते, त्यामुळे पहाटेचा कुकर बाद. संध्याकाळचं जेवणही उजेड असतानाच आटोपायचं, कारण अंधारात सांडलेलं दिसत नाही. जुलैतसुद्धा रात्री पारा शून्याजवळ जातो. तेव्हा गरम वरणभाताने माणसं जशी सैलावतात, तशी पाकिटातल्या कुठल्याही तयार जेवणाने सैलावत नाहीत. हे माझं ठाम मत आहे.

ग्रँड कॅन्यनमध्ये गोष्ट उलटी. तिथे उतरताना ऊन वाढत जातं. उन्हाळ्यात तळाशी पारा चाळिशी सहज ओलांडतो, आणि चढ शेवटी येतो, पाय थकल्यावर. सकाळी दहा ते दुपारी चार चढ-उतार टाळायचा, हा उद्यानाचाच सल्ला आहे. लोक धसक्याने नुसतं पाणी पीत राहतात. घामावाटे मीठ जातं, वर पाणी भरपूर, की रक्तातलं सोडियम घसरतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो. उन्हाचा तडाखा समजून त्याला आणखी पाणी पाजलं तर जिवावर बेततं. म्हणून प्रत्येकाच्या पाठपिशवीत चिवडा, खारे दाणे आणि मीठ-साखरेचं लिंबू सरबत. (समोरच्या एका सुळक्याला क्लॅरेन्स डटन या भूवैज्ञानिकाने 1880 च्या दशकात विष्णू टेंपल असं नाव दिलं. तळाशी दिसणारा, सुमारे 170 कोटी वर्षांपूर्वीचा काळा खडकही विष्णू शिस्टच. ते ऐकून आजोबा मंडळी थकवा विसरतात.)

सामान मात्र पार्सिपनीतच भरायचं. पोहे, मेतकूट, गोडा मसाला लेक हायवाथातल्या देशी दुकानांतून. गॅसचे डबे आणि अस्वलांसाठीचा तिखट फवारा विमानात नेता येत नाही. ते तिकडे उतरल्यावर घ्यायचे. निघण्याआधी एक रात्र स्टोक्सच्या जंगलात सराव. काळी अस्वलं न्यू जर्सीतही आहेत आणि आमच्या भागातल्या कचऱ्याच्या डब्यांशीही येतात, त्यामुळे हा सराव लुटुपुटीचा नसतो. पेटीची कडी नीट बसली का, हे तपासायचं काम मी मुलांकडे देतो. ती आईवडिलांनाही सवलत देत नाहीत.