मोजणीचें दान

आमच्या सोलापूर शहरास दान देण्याची विद्या नव्यानें शिकवावी लागत नाहीं. बाराव्या शतकांत सिद्धरामेश्वरांनीं लोकांच्या श्रमांतून तळें खोदविलें. त्या तळ्याच्या पाण्यांत त्यांचें मंदिर आज उभें आहे. पुढें गिरण्यांच्या भरभराटीच्या काळांत येथील व्यापाऱ्यांनीं वाचनालयांस हात दिला, धर्मशाळा बांधल्या, उन्हाळ्यांत पाणपोया घातल्या. ज्यावर नांवाची पाटी लावतां येते अशा कार्यास देतांना आमचा हात सहसा आंखडत नाहीं. परंतु कोणी येऊन, “मला एक गोष्ट मोजावयाची आहे, त्यासाठीं पैसे द्या,” असें म्हटलें तर आम्ही गोंधळून जातों. मोजणीवर पाटी कोठें लावावयाची? गेल्या वर्षीं हा प्रश्न आमच्या घरीं चालून आला, आणि त्याचें उत्तर देतांना आम्हांस आमच्याच एका अपराधाची कबुली द्यावी लागली. ती हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमची वडिलोपार्जित जमीन उत्तर सोलापूर तालुक्यांत, नान्नजकडील माळाला लागून आहे. रस्ता रुंद करतांना तिची एक पट्टी गेली व तिचा मोबदला आम्हांस मिळाला. लहानपणीं त्याच पट्टीच्या बांधावर बसून आम्हीं काळविटांचे कळप पाहिलेले आहेत. आम्ही माळकरी लोक ज्यास सरसकट हरिण म्हणतों तो काळवीट शास्त्रदृष्ट्या हरिण नव्हेच. चितळ, सांबर यांचीं शिंगें गळून पुन्हां नवीं येतात. काळविटाचीं पिळदार शिंगें एकदां आलीं कीं जन्मभर राहतात. म्हणून जाणते लोक पहिल्यांस सारंग व दुसऱ्यास कुरंग म्हणतात. नर वयांत आला म्हणजे काळाभोर होतो. माद्या व पाडसें वाळल्या गवताच्या रंगाचीं असतात. दाट झाडी या प्राण्यास मानवत नाहीं. लांबवर पाहणारे डोळे आणि वाऱ्याशीं पैज घेणारे पाय, एवढीच त्याची भिस्त. शत्रू दिसला कीं मोकळ्या रानांत पळून जावें, हें एकच संरक्षण निसर्गानें त्यास दिलें. लांडग्यापुढें तें बहुधा पुरें पडतें. मोटारीपुढें पडत नाहीं.

या माळाची थोडी माहिती सांगणें अवश्य आहे. १९७९ सालीं माळढोक पक्ष्यासाठीं येथें अभयारण्य जाहीर झालें. कागदावर त्याचें क्षेत्र ८४९६ चौरस किलोमीटर होतें; त्यांत गांवें, शेतें, रस्ते सारेंच आलें. पुढें तें १२२२ चौरस किलोमीटरांवर आणावें लागलें. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत रेहेकुरी येथें १९८० सालीं खास काळविटासाठीं अभयारण्य झालें. त्याचें क्षेत्र अवघें २.१७ चौरस किलोमीटर. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें काळवीट पहिल्या अनुसूचींत घातला आहे. परंतु कायदा शिकाऱ्यास अडवितो. रस्त्यास अडविणें त्यास तितकें सोपें जात नाहीं. नकाशावरची सीमा काळविटास ठाऊक नसते. गवत एकीकडे आणि पाणी दुसरीकडे असलें म्हणजे मधला रस्ता त्यास ओलांडावाच लागतो.

आतां अपराधाविषयीं. तीन वर्षांपूर्वीं, मार्गशीर्षांत, बार्शीहून एक लग्न आटोपून आम्ही भाड्याच्या मोटारीनें परतत होतों. चिरंजीवांस रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस गांठावयाची होती. निघण्यास उशीर आमच्याच गप्पांमुळें झाला होता, आणि वेग वाढविण्याची सूचनाहि आमचीच होती. दिवस मावळून घटकाभर झाला असेल. एक काळवीट झेप घेऊन रस्ता पार करून गेला. तो सुखरूप गेला म्हणून ड्रायव्हरनें वेग तसाच ठेवला. एकामागें दुसरें हरिण असावयाचेंच, हें माळावर वाढलेल्या आम्हांस ठाऊक होतें. पण तें आम्हीं त्यास सांगितलें नाहीं. दुसरी मादी होती. आवाज फार मोठा झाला नाहीं. “साहेब, थांबूं का?” ड्रायव्हरनें विचारलें. आम्हीं घड्याळाकडे पाहिलें व “चला” म्हणालों. चिरंजीवांस गाडी मिळाली.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं कोणास न सांगतां आम्ही त्या जागीं गेलों. तेथें कांहींहि नव्हतें. कुत्र्यांनीं ओढून नेलें कीं माणसांनीं, देव जाणे. डांबरावर एक डाग होता व तोहि चाकांनीं पुसत आणला होता. आम्ही घरीं परतलों आणि गप्प राहिलों.

यानंतर दोन वर्षांनीं आमच्या भाच्याबरोबर प्राणिशास्त्र शिकलेली एक मुलगी आमच्याकडे आली. या माळावरील रस्त्यांचा काळविटांवर काय परिणाम होतो हें तिला एक वर्षभर पाहावयाचें होतें. आठवड्यांतून दोनदां, पहांटे व तिन्हीसांजेस, ठराविक अंतर दुचाकीवरून सावकाश जावयाचें. मेलेलें जनावर कोठें, केव्हां, कसल्या रानाशेजारीं पडलें तें टिपावयाचें. रस्त्याच्या जवळ व रस्त्यापासून दूर अशा पट्ट्यांत जिवंत कळप मोजावयाचे. आणि जेथें मोठा रस्ता नाहीं अशा तशाच माळावरहि तीच मोजणी करावयाची. पेट्रोल, एक मदतनीस, दुर्बीण, कांहीं कॅमेरे, एवढाच खर्च. एकंदर रक्कम एखाद्या लग्नाच्या मांडवाहून कमीच होती. तिनें दोन ठिकाणीं अर्ज केले होते. काळविटांपेक्षां वाघावरचें काम असतें तर पाहिलें असतें, अशा अर्थाचें उत्तर तिला मिळालें होतें.

घरांत याची चर्चा झाली. रस्त्याच्या मोबदल्यांतील कांहीं रक्कम गांवच्या देवळाच्या सभामंडपास द्यावी असा आमच्या वडील बंधूंचा विचार होता. कुटुंबानें सरळच विचारलें, “अहो, मेलेलीं हरिणें मोजून जिवंत होणार आहेत का?” दादांनीं त्यापुढचा प्रश्न टाकला. “माळढोक इतकीं वर्षें मोजला ना? मग तो वांचला का?”

मुलगी क्षणभर गप्प राहिली. “नाहीं वांचला, काका,” ती म्हणाली. “पण तो कमी होत चालला हें मोजल्यामुळेंच वेळेवर कळलें होतें. कळूनहि पुढचें झालें नाहीं, हा दोष मोजणीचा नव्हे.” या उत्तरानें दादांचें समाधान झालें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर आमचेंहि पुरतें झालें नाहीं. परंतु तिनें पुढें जें सांगितलें त्यानें आम्ही विचारांत पडलों.

आमची समजूत अशी कीं जेथें हरिणें मरतात तो रस्ता वाईट, व जेथें मरत नाहींत तो चांगला. तिनें सांगितलें कीं हें नेहमींच खरें नसतें. रहदारी बेताची असते तेथें जनावर रस्ता ओलांडण्याचें धाडस करतें व मरतें. ती एकसारखी वाहूं लागली म्हणजे जनावर जवळच येत नाहीं. तेव्हां मृत्यूंचा आंकडा खालीं येतो, आणि आपण समजतों कीं रस्ता सुधारला. प्रत्यक्षांत कळपाचे दोन तुकडे झालेले असतात. इकडचा नर तिकडच्या माद्यांस भेटत नाहीं, दुष्काळांत तिकडचें पाणी इकडच्यांस मिळत नाहीं, आणि लहान कळपांत पिढ्यान्‌पिढ्या जवळच्या नात्यांतच वीण होत राहते. म्हणून केवळ प्रेतें मोजून भागत नाहीं. जिवंत हरिणेंहि मोजावीं लागतात. शिवाय प्रेतें रात्रींतून नाहींशीं होतात. हें शेवटचें वाक्य ऐकतांना आमची मान खालीं गेली.

यावर उपाय नाहींत असेंहि नाहीं. कॅनडांत बॅन्फ राष्ट्रीय उद्यानांतून जाणाऱ्या महामार्गास कुंपण घालून जनावरांसाठीं वरून व खालून वाटा काढल्या, तेव्हां सारंग जातीच्या प्राण्यांचे अपघात शेंकडा ९० हून अधिक कमी झाले. आपल्याकडे पेंच व्याघ्रप्रकल्पाजवळ राष्ट्रीय महामार्ग ४४ च्या खालून नऊ वाटा ठेविल्या आहेत. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेनें तेथें कॅमेरे लावून पाहिलें तों चितळांपासून वाघापर्यंत अनेक प्राणी त्यांतून जातांना दिसले. मग तोच नमुना सोलापुरास आणावा, असें आम्हीं सुचविलें. मुलगी हंसली. अमेरिकेंत वायोमिंग संस्थानांत २०१२ सालीं एका महामार्गावर पूल व भुयारें दोन्हीं बांधून पुरीं झालीं. तेथील म्यूल नांवाच्या हरिणांनीं बहुतांशीं भुयारें पसंत केलीं. परंतु उघड्या माळावर राहणाऱ्या प्राँगहॉर्न या प्राण्यांनीं भुयारांकडे पाठ फिरवून बहुतेक वेळां वरचे पूलच घेतले. ज्याची सारी भिस्त डोळ्यांवर व पायांवर, तो अंधाऱ्या बोळांत कसा शिरेल? आमचा काळवीटहि माळाचाच रहिवासी. पेंचच्या चितळास जें मानवलें तें नान्नजच्या काळविटास मानवेल कीं नाहीं, हें येथेंच पाहिल्यावांचून कसें सांगावें? आणि हें आंखणीच्या वेळींच ठाऊक असलें तर वाट स्वस्तांत होते. रस्ता झाल्यावर त्याचें पोट फाडून वाट काढणें फार महाग पडतें.

दादांस यांतील शास्त्रापेक्षां दुसरीच गोष्ट खटकत होती, व ती खोटी नव्हती. काळवीट हरभऱ्यांत शिरले म्हणजे काय होतें तें ते पिढीजात जाणतात. “शेतकऱ्याचें नुकसान कोण मोजणार?” असें त्यांनीं विचारलें. मुलीनें पटकन् वही काढून त्यांसच विचारलें कीं कळप कोणत्या बांधावरून येतात, कोणत्या महिन्यांत, किती वाजतां. दादांनीं अर्धा तास सांगितलें व तिनें तें सारें लिहून घेतलें. त्यांची हरकत गेली नाहीं. पण आपलें म्हणणें वहींत उतरलें याचें समाधान त्यांच्या चेहऱ्यावर आम्हांस दिसलें.

आम्हीं आमच्या मनाशीं जुने दाखले काढले. १८८३ सालीं मुंबईंत निघालेल्या नॅचरल हिस्टरी सोसायटीनें १९११ त सस्तन प्राण्यांची मोठी पाहणी हातीं घेतली ती वर्गणी जमवून. केतकरांचा ज्ञानकोश निघाला तो लोकांनीं भाग घेऊन भांडवल उभें केलें म्हणून. त्या वर्गणीदारांपैकीं कितीकांचीं नांवें आज कोणास आठवतात? तरी त्यांच्या रुपयांनीं मिळविलेलें ज्ञान आपण वापरीत आहों. शाकुंतलाच्या आरंभीं हरिणामागें धांवणारा राजाचा रथ तपस्व्यांनीं मध्यें येऊन थांबविला. आजचा रथ असा थांबत नाहीं, व थांबवावा असें आम्हीहि म्हणत नाहीं. बार्शीच्या रोग्यास सोलापूरच्या दवाखान्यांत लवकर पोंचलेंच पाहिजे. पण रथाच्या वाटेंत कोण येतें हें कोणी तरी उभें राहून पाहिलें पाहिजे, एवढें तरी आम्हांस पटलें.

अखेर मोबदल्याचे दोन वांटे झाले. एक सभामंडपास, एक मोजणीस. पैसे घेण्यापूर्वीं मुलीनेंच एक अट घातली. “वर्षअखेर रस्त्यापासून कांहीं अपाय नाहीं असें दिसलें, तर मी तसेंच लिहीन. तुम्हांस चालेल ना?” आजवर आम्हीं जें जें दिलें त्याचें फळ काय यावें तें आधींच ठरवून दिलें होतें. फळ ठाऊक नसतांना देण्याची आमची ही पहिलीच वेळ. आम्हीं होकार दिला.

मग तिनें नवी वही उघडली आणि सहज विचारलें, “काका, या रस्त्यावर तुमच्या पाहण्यांत एखादा अपघात?” कुटुंब समोर होतें, दादा होते. आम्हीं तिथि सांगितली, वेळ सांगितली, कोणत्या ओढ्याच्या पुलापलीकडे तेंहि सांगितलें. “नर कीं मादी?” तिनें विचारलें. “मादी,” आम्ही म्हणालों. “थांबलां होतां का?” “नाहीं.” तिनें मान वर न करतां तेंहि लिहिलें. कुटुंब उठून आंत गेलें. त्या रात्रीं आम्हांशीं बोललें नाहीं. त्या वहींतील पहिली ओळ आमची आहे. तिच्याखालीं आजवर किती ओळी पडल्या हें विचारण्याचा धीर आम्हांस अद्याप झालेला नाहीं.