शिक्क्यांवरचा मुक्काम

थायलंडच्या ईशान्येला, अगदी सीमेवर, नोंग खाई नावाचं शहर आहे. तिथून मेकाँग ओलांडली की लाओस लागतो. ऑस्ट्रेलियाच्या पैशातून बांधलेला इथला मैत्री पूल एप्रिल १९९४ मध्ये सुरू झाला. लांबी जेमतेम बाराशे मीटर, मधोमध रेल्वेचा रूळ. पुलावर दिवसभर बसगाड्यांची ये-जा चालू असते. त्यांत पलीकडच्या नातेवाइकांकडे निघालेली माणसं असतात, व्हिएन्तियान पाहायला चाललेले पर्यटक असतात, आणि पाठीला एखादीच पिशवी अडकवलेले काही परदेशीही असतात. या परदेश्यांचं लाओसमध्ये काहीएक काम नसतं. थायलंडमध्ये राहण्याची त्यांची मुदत संपत आलेली असते. देशाबाहेर पडायचं, शिक्का घ्यायचा आणि नवी मुदत घेऊन परत यायचं, एवढ्यासाठीच हा प्रवास. याला व्हिसा रन म्हणतात. सीमा आणि स्थलांतर हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे आणि त्यातल्या या प्रवाशाबद्दल मला विशेष आस्था आहे. तो चोरून राहत नाही, पण कायद्याच्या लेखी तिथला रहिवासीही नाही. वर्षानुवर्षं असं राहणं माणसाला किती महागात पडतं, ते नीट मांडावं म्हणून हा लेख.

मुळात हे चालतं कसं ते आधी पाहू. थायलंडचा इमिग्रेशन कायदा १९७९चा. त्यात राहण्याची परवानगी प्रवेशागणिक मिळते. खिडकीवरच्या अधिकाऱ्याने शिक्का मारून तारीख घातली की त्या तारखेपर्यंत तुम्ही वैध. बाहेर पडलात की ती परवानगी संपली, परत आलात की नवी सुरू. एका प्रवेशावर किती दिवस राहायचं याला मर्यादा होती. अशा खेपा किती करायच्या, याला बरीच वर्षं ठोस मर्यादा नव्हती. या फटीतून एक अख्खा व्यवसाय उभा राहिला.

पहाटे बँकॉकहून व्हॅन निघायच्या आणि चारेक तासांत अरण्यप्रथेतला पोचायच्या. पलीकडे कंबोडियाचं पोइपेत. थायलंडमध्ये कॅसिनोला बंदी, म्हणून दोन्ही देशांच्या चौक्यांमधल्या पट्ट्यातच कॅसिनो उभे राहिले आहेत. व्हिसा रनवाल्यांना त्यांच्याशी देणंघेणं नसायचं. एजंट फॉर्म भरायचा, कंबोडियाचा व्हिसा काढायचा, दुपारच्या जेवणाचं बघायचा, आणि संध्याकाळी माणसं बँकॉकात परत. चियांग माईची मंडळी उत्तरेला मे साईला जायची. तिथे साई नदीवरचा छोटा पूल चालत ओलांडला की म्यानमारचं टाचिलेक. रानोंगहून होडीने म्यानमारच्या कॉथाउंगला जाता यायचं. दक्षिणेत पाडांग बेसारच्या रेल्वे स्टेशनवर तर थायलंड आणि मलेशिया, दोन्ही देशांच्या इमिग्रेशनच्या खिडक्या एकाच इमारतीत आहेत.

नोंग खाईच्या पुलावर ही खेप जवळून पाहता येते. थाई खिडकीवर बाहेर पडल्याचा शिक्का मिळतो. मग बस. थायलंडमध्ये वाहतूक डावीकडून, लाओसमध्ये उजवीकडून. त्यामुळे लाओसच्या बाजूला गेल्यावर गाड्या रस्त्याची बाजू बदलतात. पुढे लाओसचा व्हिसा घ्यायचा. त्याचा स्टिकर पासपोर्टचं एक अख्खं पान खातो. त्यावर प्रवेशाचा शिक्का, परतताना निर्गमनाचा, पूल ओलांडून आलं की थायलंडच्या प्रवेशाचा. नेहमीचा भारतीय पासपोर्ट ३६ पानांचा असतो. अशा खेपा करणाऱ्याचा पासपोर्ट मुदत संपण्याच्या कितीतरी आधी पानं संपल्यामुळे बदलावा लागतो. खरी घालमेल शेवटच्या खिडकीवर होते. अधिकारी पासपोर्ट हातात घेतो आणि मागची पानं उलटायला लागतो. एका पानावर तो थांबला की रांगेतल्या माणसाच्या चेहऱ्याचा रंग बदलतो. खर्चाला पैसे पुरेसे नाहीत, इथे विनापरवाना काम करतोय असं वाटतं, अशा कारणांवरून प्रवेश नाकारायचा अधिकार कायद्याने त्या अधिकाऱ्याला दिलेला आहे. प्रवाशाचं घर, कपाट, मांजर, कधी बायकापोरंसुद्धा त्या अधिकाऱ्याच्या पाठीमागच्या देशात, आणि आत घ्यायचं की नाही हे त्याच्या त्या दिवसाच्या अंदाजावर.

सरकारला हे सगळं ठाऊक होतं. गेल्या वीस वर्षांतले नियम ओळीने लावले तर त्याची दोन मनं स्पष्ट दिसतात. ऑक्टोबर २००६ मध्ये व्हिसामुक्त राहण्यावर सहा महिन्यांत ९० दिवसांची मर्यादा घातली. २००८च्या अखेरीस ती काढून जमिनीवरून येणाऱ्यांना फक्त १५ दिवस द्यायला सुरुवात केली. ऑगस्ट २०१४ मध्ये बाहेर पडून लगेच आत येणाऱ्यांवर मोठी मोहीम झाली आणि अनेकांना सीमेवरून परत पाठवलं गेलं. ३१ डिसेंबर २०१६ पासून जमिनीवरून व्हिसामुक्त प्रवेश वर्षातून दोनदाच, असा नियम आला. मग १५ जुलै २०२४ पासून भारतासह ९३ देश आणि प्रदेशांच्या नागरिकांना एकदम ६० दिवस दिले गेले. पर्यटन हवं, परदेशी पैसा हवा, पण माणूस मुरलेला नको, असं हे धोरण आहे.

मग ही माणसं योग्य तो व्हिसा का काढत नाहीत, असं कुणीही विचारेल. बहुतेकांना तो हवाच असतो. पण निवृत्तांच्या वास्तव्यासाठी वयाची पन्नाशी आणि बँकेत ८ लाख बाट, किंवा महिना ६५ हजार बाटचं उत्पन्न लागतं. थाई जोडीदार असेल तर बँकेत ४ लाख. नोकरीवर मुदत वाढवायची तर मालकाकडे एका परदेशी माणसामागे चार थाई कर्मचारी हवेत. दोन खोल्यांत शिकवणी चालवणाऱ्याला किंवा छोट्या उपाहारगृहाच्या मालकाला हे झेपत नाही. घरबसल्या दुसऱ्या देशातल्या कंपनीचं काम करणाऱ्याला तर अलीकडेपर्यंत कुठलाच रकाना नव्हता. पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांचं काम चियांग माईत बसून करणारी आपली मुलंही यातच येतात.

भारतीय पासपोर्टवाल्याची गोष्ट आणखी अवघड होती. युरोप-अमेरिकेच्या माणसाला सीमेवर नुसता शिक्का मिळायचा. आपल्याला नोव्हेंबर २०२३ पर्यंत व्हिसामुक्त प्रवेशच नव्हता. होता तो १५ दिवसांचा व्हिसा ऑन अरायव्हल. त्यामुळे भारतीय माणूस व्हिएन्तियानला जाऊन थाई वकिलातीच्या दारात सकाळी रांग लावायचा, अर्ज द्यायचा, रात्र तिथेच काढायचा आणि दुसऱ्या दुपारी ६० दिवसांचा पर्यटक व्हिसा घेऊन पूल ओलांडायचा. जानेवारी २०२५ पासून थायलंडचे व्हिसा अर्ज ऑनलाइन झाले आणि त्या रांगांचे दिवस संपले. एकाच घरात भाड्याने राहणाऱ्या दोन परदेशी मित्रांपैकी एकाला एक दिवस लागावा आणि दुसऱ्याला दोन, हा फरक फक्त पासपोर्टच्या मुखपृष्ठाचा होता.

उदोन थानीत एका भारतीय गृहस्थांनी मला त्यांचे जुने पासपोर्ट दाखवले होते. रबरबँड लावलेली चळत, पानापानावर शिक्के, कडा मऊ पडलेल्या. त्यांना थायलंडमध्ये कायम वास्तव्याचा अर्ज करायचा होता आणि तो कसा करायचा हे ते विचारत होते. नियम असा आहे की, वार्षिक मुदतवाढ मिळणाऱ्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर सलग तीन वर्षं झालेली असली पाहिजेत. त्यातही एका राष्ट्रीयत्वाच्या वर्षाला १०० जणांनाच ते मिळतं. त्या चळतीत त्यांचं तरुणपण होतं. तीन वर्षांच्या हिशेबात त्यातला एक दिवसही धरला जाणार नव्हता. पर्यटक म्हणून घालवलेली वर्षं एकापुढे एक कितीही ठेवली तरी त्यांची बेरीज शून्यच येते. मी त्यांना हे सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ त्याच त्या पासपोर्टची पानं चाळत राहिले.

आपल्याकडच्या कामगार चळवळीला हा प्रकार चांगला ओळखीचा आहे. वर्षभरात २४० दिवस भरले की कामगाराला काही हक्क मिळतात, म्हणून मालक २४० दिवस भरायच्या आत त्याला ब्रेक देतो आणि आठवड्याने पुन्हा त्याच यंत्रावर उभा करतो. काम तेच, माणूस तोच, नोंदीत मात्र नवा. व्हिसा रन हा राहण्यातला असाच ब्रेक आहे. राज्याला भाडं मिळतं, खर्च मिळतो, कौशल्य मिळतं, आणि त्या बदल्यात कसलंही वचन द्यावं लागत नाही. आजारपण आलं, बस बंद पडली आणि तारीख चुकली तर दंड मात्र चुकत नाही: दिवसाला ५०० बाट, जास्तीत जास्त २० हजार. मुदत उलटल्यावर ९० दिवसांहून अधिक काळ राहून स्वतः हजर झालं तरी किमान एक वर्ष प्रवेशबंदी. आधीच पकडलं गेलं तर किमान पाच वर्षं.

सीमा ओलांडण्याची खरोखर गरज असते का, याचं उत्तर कोविडने दिलं. मार्च २०२० मध्ये जमिनीवरच्या सीमा बंद झाल्या. खेपा करणारे जिथल्या तिथे अडकले. तेव्हा थायलंडने या सगळ्यांना आपोआप मुदतवाढ दिली; ती काही महिने चालली आणि पुढे इमिग्रेशनच्या कचेरीतच ६०-६० दिवस वाढवून मिळत राहिले. कुणी पूल ओलांडला नाही, आणि त्यामुळे देशाचं काही बिघडलं नाही. जी गोष्ट कचेरीतल्या टेबलावर होऊ शकते, तिच्यासाठी माणसाला परदेशी पाठवून परत आणण्यात कसलीही सुरक्षा नाही, हे तेव्हा सिद्ध झालं. सीमा हा भरवशाचा आधार नाही, हे २०२५ने दाखवलं. जूनपासून थायलंड-कंबोडिया सीमेवरची ये-जा बंद होत गेली, जुलैत दोन्ही सैन्यांत तोफांची लढाई झाली, आणि पोइपेतचा वर्षानुवर्षांचा मार्ग मिटला.

हे दूरच्या देशाचं दुखणं आहे असं समजू नये. आपल्या गोव्यात हरमल-हणजूणच्या बाजूला भाड्याची घरं घेऊन राहणाऱ्या अनेक परदेश्यांना पर्यटक व्हिसावर एका वेळी १८० दिवसांपलीकडे राहता येत नाही, म्हणून तेही बाहेर पडतात. कुणी श्रीलंकेला, कुणी रेल्वेने गोरखपूर गाठून सुनौलीहून नेपाळात. मुंबई हल्ल्यातला हेडली भारतात वारंवार येऊन गेल्याचं उघड झाल्यावर २००९च्या अखेरीस भारताने दोन भेटींमध्ये दोन महिन्यांचं अंतर सक्तीचं केलं. त्याचा फटका बसला तो गोव्यात घर केलेल्या निरुपद्रवी माणसांना. २०१२च्या अखेरीस ती अट बहुतेक देशांच्या नागरिकांसाठी काढावी लागली. आपण थायलंडकडून जी माणुसकी मागतो, ती आपल्या देशाकडेही मागितली पाहिजे.

थायलंडने जुलै २०२४ मध्ये दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांचा डीटीव्ही व्हिसा आणला. ५ लाख बाटची शिल्लक दाखवली की एका प्रवेशावर १८० दिवस राहता येतं. पाऊल चांगलं आहे. निदान या माणसांना एक रकाना मिळाला. पण तोही पर्यटकाच्याच वर्गातला. त्यातली पाच वर्षंही कायम वास्तव्याच्या हिशेबात येत नाहीत. माझं म्हणणं असं की, जो माणूस एका देशात वर्षानुवर्षं राहतो, भाडं भरतो, कुणाला त्रास देत नाही, त्याची मुदत देशातच वाढवून मिळावी आणि काही वर्षांनी त्या वर्षांना किंमत यावी. हे होईपर्यंत जाणाऱ्याने सावध राहिलं पाहिजे. सहा महिने जग पाहायला जायचं असेल तर खुशाल शिक्क्यांवर राहावं. आयुष्य उभं करायचं असेल तर आधी उशीर झाला, पगार कमी मिळाला, तरी वर्षं मोजली जातील असाच व्हिसा घ्यावा. परदेशी राहणाऱ्या मुलाला फोनवर आपण पगार विचारतो, जेवणाचं विचारतो. तू कोणत्या व्हिसावर आहेस आणि तिथली तुझी वर्षं कुठे जमा होतायत का, हे त्याच्या आधी विचारायला हवं.