करवंटीची नाताळभेट

शेजारच्या बाईंचा एकुलता मुलगा परदेशी गेला आणि त्याचा करडा आफ्रिकी पोपट मागे राहिला. (आपला राघू पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, या परदेशी पाहुण्याची रीतसर नोंद झाली आहे ना, हे आम्ही जुन्या सवयीने आधी विचारून घेतले.) पुढे तो छातीची पिसे उपटू लागला, तेव्हा यंदा नाताळात त्यालाही काही द्यावे असे आमच्या मनात आले.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हिंडलो. एक चकचकीत घंटा आवडली. पण जस्ताचा मुलामा पोपटाला विषारी ठरतो, म्हणून परत ठेवली. चॉकलेट तर त्याला सर्वस्वी वर्ज्य. पशुवैद्य म्हणाले, त्याला काहीतरी फोडायला, कुरतडायला द्या; रिकामे बसणे या जातीला सोसत नाही. सेवानिवृत्त माणसाला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

अखेर घरचीच करवंटी घासून भोक पाडले, आत कोऱ्या कागदात गुंडाळलेले गाजराचे तुकडे खोचले आणि ती चामड्याच्या वादीने पिंजऱ्यात टांगली. दोन दिवस स्वारी तिच्याकडे पाठ फिरवून बसली. तिसऱ्या सकाळी कागद फाटल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ मुलाच्या हुबेहूब आवाजात ‘मम्मी’ अशी हाक. बाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. आम्ही कुंपणापाशीच थांबलो.